वहीतली उचल

मागच्या वर्षी दिवाळीला आठ दिवस असताना मी जिममध्ये बेंचवर उताणी पडले होते. छातीवर ४२.५ किलोचा बार होता आणि तो वर जात नव्हता. दोन्ही बाजूंच्या प्लेटांना क्लिपा घट्ट लावलेल्या, त्यामुळे बार एका बाजूला कलता करून प्लेटा खाली सोडायची सोय मीच बंद करून ठेवली होती. शेजारी कुणाला उभं राहायलाही सांगितलं नव्हतं. शेवटी लाटणं फिरवावं तसा बार छातीवरून पोटाकडे ढकलत आणला, तेवढ्यात ट्रेनर धावत आला आणि दोघांनी मिळून तो बाजूला केला. जिममधलं गाणं चालूच होतं, पण सगळे आमच्याकडे बघत होते.

फार लागलं नाही. बरगडीखाली एक जांभळा पट्टा उमटला, तो आठवड्याभरात गेला. ट्रेनरने पाणी दिलं आणि माझी वही मागितली.

आमचा ट्रेनर गुजराती. प्रत्येक सेटनंतर तो लांबूनच विचारायचा, "बेन, केटला थया?" म्हणजे किती झाले. मी म्हणायचे, "पांच." त्या दिवशी त्याने वही चाळली. पानापानावर पाच, पाच, पाच, पाच, पाच. वही मिटून त्याने एवढंच विचारलं, "नोटमां तो बधुं पास छे. तो आजे नापास केम?"

मी गप्प बसले. उत्तर मला माहीत होतं.

बडोद्याच्या मराठी घरांत व्यायाम ही काही नवी गोष्ट नाही. प्रा. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर इथलंच, आणि मराठीतला 'व्यायाम ज्ञानकोश'सुद्धा इथूनच निघाला. आमचे आजोबा म्हातारपणीही पहाटे उठून जोर-बैठका काढायचे. माझी पिढी मात्र जिममध्ये जाते, आणि आमच्याकडे आजोबांच्या सकाळच्या तासाऐवजी ऑफिसनंतरचा तास असतो. मी सुरू केला तो साधा 'पाच बाय पाच'चा कार्यक्रम. पाच सेट, प्रत्येक सेटमध्ये वजन पाच वेळा उचलायचं. पंचवीसच्या पंचवीस वेळा नीट झालं की पुढच्या खेपेला अडीच किलो वाढवायचे. अडीच अशासाठी की आमच्याकडची सगळ्यात लहान प्लेट सव्वा किलोची, आणि ती दोन्ही बाजूंना लावावी लागते.

एकदा वजन खाली नेऊन वर आणणं, याला जिममध्ये 'रेप' म्हणतात. मराठीत हा शब्द चारचौघांत बोलायला बरा वाटत नाही, म्हणून घरी मी त्याला 'उचल' म्हणायला लागले. या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे, तो आईने पुढे मला लक्षात आणून दिला.

पहिले सहा महिने मजेत गेले. नवशिक्याचं वजन भराभर वाढतं. नुसत्या २० किलोच्या बारपासून सुरू केलेला बेंच प्रेस ३५ पर्यंत आला. मग नवरात्र आलं. आता बडोद्यात राहून नवरात्रात घरी कोण बसतं? नऊ रात्री गरबा, घरी यायला एक वाजायचा, सकाळी नऊला ऑफिस. त्यात आईच्या आग्रहाखातर दोन उपास. दसऱ्यानंतर जिममध्ये गेले आणि ३७.५ किलोवर पहिल्यांदाच गाडी अडली. सेट झाले असे : ५, ५, ५, ४, ४.

शेवटची उचल अर्ध्यावर गेली होती. थोडीच राहिली होती. "केटला थया?" ट्रेनरने विचारलं. मी "पांच" म्हटलं आणि वहीतही पाच लिहिलं. मनाशी म्हटलं, जवळजवळ झालीच की.

पुढच्या खेपेला ४० किलो. झाले ५, ४, ४, ३, ३. लिहिले पाच पाच. एकदा मागचं पान पाचांनी भरलं की आजच्या पानावर तीन लिहायला हात धजत नाही. आणि वहीच्या हिशेबाने मी ४२.५ ला तयार होते. वहीच्या हिशेबाने.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा आई जेवणाच्या टेबलावर हिशेबाची वही घेऊन बसली होती. आमच्या आईची ही वही नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. लग्नापासून ती रोजचा खर्च लिहिते. मेथी, रिक्षा, देवळात ठेवलेले पैसे, सगळं. आणि त्यात एक नोंद अधूनमधून असते, 'हरवले'. पाकिटातली शिल्लक जुळत नसली, वीस रुपये कुठे गेले ते आठवतच नसलं, की ती लिहिते : हरवले – २०. लहानपणी आम्ही तिला यावरून चिडवायचो.

जांभळा पट्टा लपण्यासारखा नव्हता, म्हणून मी तिला सगळं सांगितलं. वहीतलं खोटंही सांगितलं. मला वाटलं ती जिमवर घसरेल. तिने विचारलं, "म्हणजे तू उचल घेतलीस?"

"अगं, उचल म्हणजे ती नाही..."

"तीच की. काम करायच्या आधी पैसे घेतले की त्याला उचल म्हणतात. तुझे आजोबा पेढीवर होते तेव्हा लोक सणाला उचल घ्यायचे आणि मग पुढचे दोन पगार कापून जायचे. तू न केलेलं काम लिहून मोकळी झालीस. ते कापून जाणारच."

मग तिने तिची वही माझ्याकडे सरकवली आणि 'हरवले'वर बोट ठेवलं. "हे का लिहिते माहीत आहे? वीस रुपयांचं दुःख नाही ग मला. पण लिहिलं नाही तर महिनाअखेरीला काहीच जुळत नाही. मग कुठे चुकलं ते शोधायला मागचा सगळा महिना उपसावा लागतो."

त्या रात्री मी माझी वही काढून आठवेल तेवढे आकडे खोडले आणि खरे लिहिले. पानं घाण दिसायला लागली. पण घाण झालेल्या पानांवर एक गोष्ट पहिल्यांदाच दिसली. माझी गाडी ४२.५ वर अडलीच नव्हती. ती ३७.५ वर अडली होती, दसऱ्यानंतर लगेच.

तेव्हापासून हुकलेल्या उचलीचं काय करायचं, हे मी ट्रेनरकडून आणि स्वतःच्या चुकांमधून शिकत गेले. तुमच्यापैकी बरेचजण जिमला जात असतील, म्हणून जे उपयोगी पडलं ते सांगते.

पहिली गोष्ट, हुकण्याची तयारी आधीच करून ठेवायची. बेंच प्रेसला कुणाला तरी डोक्याशी उभं राहायला सांगायचं. यात लाज कसली? जिममधले अनोळखी लोकही आनंदाने उभे राहतात. कुणीच नसेल तर क्लिपा लावायच्या नाहीत, म्हणजे बार कलता करून प्लेटा सोडता येतात. स्क्वॉट करताना रॅकच्या आडव्या दांड्या आपण पूर्ण खाली बसल्यावर बार जिथे येतो त्याच्या जरा खाली लावायच्या. उठता आलं नाही तर बार त्यांच्यावर टेकवून खालून निघून यायचं. एकदा हलक्या वजनावर हे मुद्दाम करून बघावं. भीती निम्मी होते.

दुसरी गोष्ट, हुकली की त्या सेटपुरतं थांबायचं. कंबर वाकडी करून, बेंचवरून ढुंगण उचलून, कशीतरी काढलेली पाचवी उचल ही पाचवी नसते. आणि दुखलं म्हणून थांबावं लागलं असेल तर ती गोष्टच वेगळी. ताकद कमी पडणं निराळं आणि सांध्यात कळ येणं निराळं. कळ आली की त्या दिवसाचा तो व्यायाम संपला.

तिसरी गोष्ट, आकडे कसे हुकले ते बघायचं. ५, ५, ५, ४, ३ असे उतरत गेले तर बहुतेक वेळा दोन सेटमधली विश्रांती कमी पडलेली असते. मी मिनिटभरात पुन्हा बेंचवर पडायचे, कारण मोबाइल न बघता नुसतं बसायचा कंटाळा. जड सेटनंतर तीन मिनिटं, आणि एखादी उचल हुकली असेल तर पाच मिनिटं, एवढा वेळ लागतोच. घड्याळ लावून बसायला लागल्यावर माझी एकेक उचल नुसती त्यानेच परत आली. पहिल्याच सेटला हुकली तर मात्र विश्रांतीचा संबंध नसतो. मग झोप, जेवण, ताप, ऑफिसची धावपळ, किंवा वजनातली वाढच जास्त, यांपैकी काहीतरी असतं. आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडत असेल, म्हणजे बार छातीपासून चार बोटं वर येऊन थांबत असेल, तर कुणाकडून तरी व्हिडिओ काढून घ्यावा. माझी कोपरं बाहेर फाकत होती. मला ते व्हिडिओ बघेपर्यंत कळलं नव्हतं.

चौथी गोष्ट, पुढच्या खेपेला तेच वजन. वाढवायचं नाही, घाबरून एकदम उतरवायचंही नाही. एखादा दिवस सगळ्यांचाच वाईट असतो. ओळीने तीन खेपा तेच वजन हुकलं तर साधारण दहा टक्के उतरवायचं आणि पुन्हा चढत यायचं. माझ्या बाबतीत ट्रेनरने तीन खेपांची वाट बघितली नाही, कारण खरे आकडे वाचल्यावर त्याला वाट बघण्यासारखं काही दिसलं नाही. ३७.५ चे दहा टक्के म्हणजे पावणेचार किलो. ते आमच्या प्लेटांत बसेना, म्हणून मी ३२.५ वर उतरले.

ते उतरणं जड गेलं, खोटं का बोलू? ज्या वजनाला आपण दीड महिन्यापूर्वी हात झटकले होते ते पुन्हा उचलायचं, आणि तेही बार अडकल्याचा तमाशा बघितलेल्या माणसांसमोर. पण ३२.५ झालं, ३५ झालं, आणि तिसऱ्या खेपेला ३७.५ चे पाचही सेट झाले. खरे पाच. त्यानंतर मी अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन प्लेटा मागवल्या, म्हणजे वाढ अडीचऐवजी एक किलोची करता येते. पायांना अडीच किलो काहीच वाटत नाहीत, पण छाती-दंडांना तेवढे फार होतात, बायकांना तर लवकरच.

आता वहीला मी समास आखते. आकडा उजवीकडे, कारण डावीकडे. 'झोप ४ तास.' 'गरबा.' 'जेवण दुपारी तीनला.' 'कारण माहीत नाही.' हे शेवटचंही लिहिते. तेच माझं 'हरवले'.

वजन उचलण्याच्या स्पर्धा मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघायला लागले. सांगलीचा संकेत सरगर. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३० जुलै २०२२ ला ५५ किलो गटात त्याने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ उचलले. मग १३९ चा प्रयत्न करताना त्याच्या कोपराला दुखापत झाली, तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला आला, तोही हुकला. एकूण २४८, आणि मलेशियाचा खेळाडू २४९. सुवर्ण एका किलोने गेलं, रौप्य मिळालं. आणि मीराबाई चानू. रिओत २०१६ साली तिचे क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न हुकले, त्यामुळे तिच्या नावापुढे एकूण वजनच लागलं नाही. टोकियोत २०२१ मध्ये तिने एकूण २०२ किलो उचलून रौप्य आणलं. पण रिओचे ते तीन प्रयत्न कुणी खोडले नाहीत. निकालपत्रात ते अजून आहेत, यशस्वी प्रयत्नांच्या शेजारीच.

हे सगळं मी एवढ्या ऐटीत सांगतेय, पण या गोष्टीची खरी परीक्षा जिममध्ये झाली नाही. ती आमच्या स्वयंपाकघरात झाली.

या वर्षी जूनमध्ये आईचा डावा गुडघा बदलला. ऑपरेशन व्यवस्थित झालं. घरी आल्यावर फिजिओथेरपीच्या ताई आठवड्यातून दोनदा येऊ लागल्या आणि मधल्या दिवसांसाठी त्यांनी फ्रिजवर एक तक्ता लावला. त्यात एक व्यायाम होता, खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. तक्त्यावर आईच्या सुरेख अक्षरात १०, १०, १० भरलेलं असायचं. ताई खूश. म्हणाल्या, "काकू, फारच छान. आता जरा बुटकी खुर्ची घेऊ या."

दुसऱ्या दिवशी मला घरूनच काम होतं. दुपारी पाणी प्यायला गेले तर आई बुटक्या खुर्चीवर. मी दाराआड थांबले. एक, दोन, तीन. चौथ्याला तिने ओट्याला धरलं. पाचव्याला उठताच आलं नाही, ती धपकन मागे बसली, गुडघ्यावर हात ठेवून तशीच थोडा वेळ बसून राहिली. मग ओट्याचा आधार घेत उठली, फ्रिजपाशी गेली आणि पेन घेऊन लिहिलं, १०.

रुपया-रुपयाचा हिशेब लिहिणारी माझी आई.

मला आधी रागच आला, मग पोटात खड्डा पडला. ती पडली असती तर? ताई तक्ता बघून खुर्ची ठरवत होत्या. या आठवड्यात अजून बुटकी दिली असती.

"आई, किती झाले?"

ती दचकली. "झाले की दहा."

"आई."

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तीन. ओट्याला धरून एक." आणि थोड्या वेळाने, "त्या ताई इतक्या मनापासून येतात ग. तू रजा काढतेस. बाबा रात्री दोनदा उठतात. एवढ्या सगळ्यांचं करणं, आणि लिहायचं काय, तर तीन?"

म्हणजे कारण तेच होतं. मला जिममधल्या लोकांसमोर लाज वाटत होती, तिला आमच्यासमोर. मी बाराखडी शिकले ती तिच्याकडून, आता तिला काय शिकवणार होते मी? मी आत जाऊन माझी वही आणली आणि ते खोडाखोडीचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. तिने चष्मा लावून वाचलं. ५, ४, ४, ३, ३. समासात 'खोटं लिहिलं होतं'.

"उचल फार झाली तुझी," मी म्हटलं. "आता कापून जाऊ दे."

तिला हसू आलं, थोडं रडूही. मग तिने पेन घेतलं, १० वर रेघ मारली आणि लिहिलं : ३. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं : हरवले – ७.

ताई आल्या तेव्हा आईने स्वतःच तक्ता दाखवला. ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं काकू सांगितलंत, नाहीतर मी चुकीचंच देत राहिले असते." त्यांनी उंच खुर्ची परत आणायला लावली, वर एक कडक उशी ठेवली, आणि दहाऐवजी पाच-पाच वेळा, पण मध्ये भरपूर थांबून, असं सांगितलं. ऑगस्टच्या शेवटी उशी गेली. गणपतीत आरतीला आई खुर्चीवरून कुणाचाही हात न धरता उठली. बुटकी खुर्ची अजून बाकी आहे. तक्त्यावर तिचे आकडे आता वेडेवाकडे असतात. पाच, पाच, चार, पाच, दोन. दोनच्या शेजारी 'पाऊस, गुडघा आखडला' असं लिहिलेलं.

काल मी ४५ किलोवर होते. ५, ५, ५, ५, आणि शेवटच्या सेटला बार अर्ध्यावर थांबला. डोक्याशी उभ्या असलेल्या मुलीने तो धरला. क्लिपा लावलेल्या होत्या, कारण ती होती. घरी आले तर आई टेबलावर हिशेब लिहीत होती. मान वर न करता तिने विचारलं, "किती झाले?"

"चार."

"बरं," ती म्हणाली. "हात धुऊन घे, पोळ्या गरम आहेत."